जाहिरातीचा मसुदा

"लिही," वाल्देमार साहेब म्हणाले,
"वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, नोकरी करावी तर इथंच."
मार्चपासून पाच जण गेलेत
पोर्तोच्या हमरस्त्यालगतच्या नव्या गोदामात.
तिथं तासाला ऐंशी सेंट जास्त,
शिवाय जेवणाच्या खोलीत टेबल टेनिस.

मी लिहिलं : कुटुंबासारखं वातावरण.
खोडलं.
माझ्या कुटुंबात दोन भाऊ बारा वर्षं बोलत नाहीत,
ऑलिव्हच्या एका झाडावरून.
लिहिलं : प्रगतीच्या संधी.
आमच्या बुचांच्या कारखान्यात जिने तीन.
तिसरा छपरावर जातो.

मग कागद घेऊन खाली उतरले.

निवडणीच्या पट्ट्यावर बेल्मिरा.
बुचं तिच्या बोटांखालून धावतात,
चिरलेलं, किडकं, हिरवट
ती न बघता बाजूला सारते.
विचारलं, एकोणतीस वर्षं इथंच का?
हात थांबले नाहीत.
"खुर्ची," म्हणाली.
मला वाटलं, थट्टा.
"पाठ गेली तेव्हा सुतार बोलावून
माझ्या मापाची करून दिली.
पगारातून एक पैसा कापला नाही.
सुतारानं खालून माझं नाव कोरलंय.
दिसत नाही कुणाला.
पण आहे."

उकळत्या हौदापाशी आदेरितो,
वाफेत त्याचा चेहरा येतो, जातो.
"हे लिहू नकोस," म्हणाला,
"बायको गेली त्या वर्षी मी पिऊन यायचो.
मुकादम मला यंत्रांपासून लांब,
अंगणात बसवायचा, साली मोजायला.
मोजलेल्याच साली. रोज.
वर कळवलं नाही कुणी.
तोंडाला बूच लावणं
आम्हाला चांगलं जमतं."

माझा कागद भरत आला होता
तेवढ्यात इवोने भेटली, सायकलला कुलूप लावताना.
बावीस वर्षांची. शुक्रवारी शेवटचा दिवस.
"माणसं चांगली आहेत गं.
त्या चांगल्या माणसांना विचार,
पुढच्या गुरुवारी मी किती वाजता सुटणार?
पाळी कळते रविवारी रात्री.
पाळणाघर रविवारी रात्री ठरत नाही."
कुलूप दोनदा ओढून बघितलं तिनं,
आणि आत गेली.

आबिलिओ अलेंतेजूहून साली घेऊन आला होता,
ट्रकच्या पायरीवर बसून चीज खात होता.
त्याला काही विचारलंच नव्हतं मी.
तोच म्हणाला,
झाडाच्या बुंध्यावर आम्ही आकडा रंगवतो,
कुठल्या वर्षी सोललं त्याचा.
मग नऊ सालांनी एक साल.
त्याआधी हात लावायचा नाही, बाजारभाव काही असो.
आणि कुऱ्हाड आतल्या सालीला लागली
तर झाड तेव्हा काही बोलत नाही.
पुढच्या खेपेला बोलतं.
त्यानं चीजचा तुकडा पुढे केला. खारट होता.

वर येऊन लिहिलं :
खुर्ची तुमच्या मापाची मिळेल.
वाईट वर्ष आलं तर सांभाळून घेऊ.
(आदेरितोचं नाव नाही. मुकादमाचंही.)
पगार गोदामापेक्षा कमी आहे, ते आधीच सांगतो.
टेबल टेनिस नाही.
आणि शेवटी, कुणालाही न विचारता :
पाळ्या महिनाभर आधी कळतील.

वाल्देमार साहेबांनी चष्मा वर सरकवला.
"हे कुणी ठरवलं?"
मी म्हटलं, "जाहिरातीत आलंय."

बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले,
अंगणात सालींचे ढीग पाऊस खात, ऊन खात पडलेले,
निवांत, सहा महिने तरी पडून राहणारे.
मग पेन उघडलं.
'महिनाभर' खोडून लिहिलं, 'तीन आठवडे'.

खुर्चीच्या ओळीला हात लावला नाही.

कागद घेऊन मी जिना उतरले,
सायकलींच्या रांगेकडे.
आज बुधवार होता.